जुना ड्रम कधी थांबवायचा? मोटारीचा नमुना बदलताना सुट्या भागांच्या ऑर्डरी कशा सांभाळायच्या

ऑगस्ट १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीमध्ये बरेच बदल एकदम केले. चॅसी (गाडीचा सांगाडा) खाली आली, बॉडीचं रूप बदललं आणि ट्रान्समिशनमधल्या (गिअरपेटीतल्या) पायाच्या ब्रेकचा ड्रम, म्हणजे ज्यावर पट्टा आवळून गाडी थांबते ते पिंप, १⅛ इंचांवरून १¾ इंच रुंद झाला. गिऱ्हाइकाला हा बदल पेडल दाबल्यावर कळला. ऑर्डरीच्या टेबलावर बसणाऱ्याला मात्र तो कित्येक आठवडे आधी एका कागदावर भेटतो आणि त्या कागदावर फक्त नवं माप असतं. जुने ड्रम कुठे कुठे पडलेत, किती दिवस पुरतील, त्यांच्यासोबत आणखी काय काय निरुपयोगी होणार, नव्यांची पहिली गाडी कधी यायला हवी, यातलं काहीच त्यावर नसतं. ते आपण काढायचं असतं.

तेव्हा संगणक नव्हता. प्रत्येक भागाचं एक कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक आणि येणे ऑर्डर, एवढ्यावरच सगळा कारभार चाले. खालची रीत त्या कार्डांच्या काळातली आहे. या कामात माणसं हिशेबाच्या बेरजेत फारशी चुकत नाहीत, बेरजेत काय धरायचं यात चुकतात. म्हणून त्या भागावर इथे जास्त वेळ घालवला आहे.

आधी संच बांधा, मग कार्डं काढा

बदलाचं पत्र एका भागाचं असलं तरी ऑर्डर एका भागाची बदलत नाही. ब्रेकचा ड्रम रुंद झाला म्हणजे त्यावरचा पट्टा रुंद झाला, पट्ट्याचं अस्तर रुंद झालं आणि हे सगळं झाकणारं ट्रान्समिशनचं वरचं झाकणही नवं आलं. हे चार भाग एकाच इंजिनापासून बदलायला हवेत. यातला एक जरी मागे राहिला तरी बाकीचे तीन जोडणीच्या लाइनवर असून नसल्यासारखे.

१९१६ च्या ऑगस्टमध्ये पितळी रेडिएटर जाऊन काळा आला तेव्हाही हेच होतं. रेडिएटरचा आकार बदलला म्हणून हूड (इंजिनावरचं झाकण) बदललं, त्याच वेळी मडगार्डंही सपाटची गोलसर झाली. हूड हे रेडिएटर आणि मागची काउल (समोरच्या काचेखालचा बॉडीचा भाग) यांच्यावर बसतं, त्यामुळे जुनं हूड नव्या रेडिएटरला लावायची सोय नाही. मडगार्डांचा मात्र हुडाशी तसा संबंध नव्हता. हा फरक कार्डावर लिहून ठेवा. जे भाग एकमेकांत बसतात त्यांची तारीख एकच असायला लागते. जे नुसते दिसायला जोडीचे असतात त्यांची तारीख एक असावी, पण अगदी अडलं तर मागेपुढे होऊ शकते.

संच बांधताना ड्रॉइंगवर विसंबू नका. जोडणीच्या फोरमनला विचारा, ‘हा भाग हातात घेतल्यावर अजून कशाकशाला हात लावता?’ बोल्टची लांबी, गॅस्केट, स्प्लिट पिन, वॉशर अशा बारीक वस्तू बदलाच्या पत्रात हमखास सुटतात आणि दोन सेंटच्या गॅस्केटसाठी लाइन उभी राहते.

यादी झाली की प्रत्येक भागापुढे चारपैकी एक खूण करा:

पूर्ण बंद होणारा (जुना ड्रम, जुनं झाकण).
पूर्ण नवा (रुंद ड्रम, रुंद पट्टा).
चालू राहणारा, पण वापर बदलणारा.
तसाच राहणारा.

तिसरी खूण सर्वांत फसवी. जुन्या टीमध्ये तीन पट्टे असत, पुढच्या मंद वेगाचा, मागे जाण्याचा आणि ब्रेकचा. तिन्ही सारख्याच रुंदीचे, म्हणजे एका इंजिनाला अरुंद पट्टे ३. रुंद ड्रम आल्यावर फक्त ब्रेकचा पट्टा बदलला, उरलेले दोन तेच राहिले. अरुंद पट्टा बंद होत नाही, त्याचा खप तिनावरून दोनावर येतो. बदलाच्या पत्रात त्याचं नावही नसण्याची शक्यता जास्त, कारण तो भाग बदललेलाच नाही.

ऑर्डरी थांबवा, रद्द करू नका

पत्र हातात आलं त्याच दिवशी संचातल्या जुन्या भागांच्या नव्या ऑर्डरी आणि पुढची शेड्यूल रोखून धरा. रोखणं म्हणजे पुरवठादाराला सांगणं, ‘हातातलं काम पूर्ण करा, नवा कच्चा माल कापायला घेऊ नका, आकडा कळवतो.’ घाईघाईने रद्द केलं की दोन प्रकारे अंगाशी येतं. पुरवठादार मशीन मोकळं करून दुसरं काम लावतो आणि आठवड्याने तुम्हालाच जुने नग कमी पडतात. शिवाय अर्धवट मालाची भरपाई मागण्याचा त्याला हक्क मिळतो, तोही तुम्ही मोजणी करायच्या आत.

न रोखल्यास काय होतं याचं सर्वांत महाग उदाहरण जनरल मोटर्सचं आहे. १९२० च्या मंदीत विक्री पडली तरी प्रत्येक विभागाचा प्रमुख आधीच्या अंदाजाने माल घेतच राहिला. ऑक्टोबर १९२० मध्ये कंपनीचा साठा सुमारे २१ कोटी डॉलरवर गेला होता, वरिष्ठ समित्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या जवळजवळ ६ कोटींनी वर. शेवटी जॉन प्रॅट यांच्या साठा समितीने सगळ्या विभागांना कळवलं की समिती पाहीपर्यंत काहीच विकत घ्यायचं नाही. मग एकेका करारावर पुरवठादारांशी बसून तडजोडी झाल्या. तिथे कारण मंदी होतं, नमुन्याचा बदल नव्हता. पण कार्डावर दोन्हींचं रूप एकच दिसतं, पुढचा खप संपलाय आणि माल येतोच आहे.

आणखी एक. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस नावाच्या अभियंत्याने एका वेळी किती नग घ्यावेत याचं सूत्र मांडलं (नावापलीकडे त्याचा हेन्री फोर्डशी संबंध नाही). ते सूत्र खप वर्षभर एकसारखा चालेल असं धरून चालतं. बंद होणाऱ्या भागाला ते लावू नका. बारा दिवसांनी मरणाऱ्या भागाची ‘किफायतशीर’ बॅच म्हणजे भंगाराची आगाऊ नोंद.

मोजणी: स्टोअरच्या बाहेर पडा

इथेच बहुतेक घोटाळे होतात. स्टोअरचं कार्ड जो आकडा सांगतं तो पाच ठिकाणांपैकी एका ठिकाणचा असतो. पाचही जागा वेगवेगळ्या लिहा:

१. स्टोअरमधली शिल्लक. कार्ड न पाहता नग मोजून.
२. लाइनवर आणि बाकांजवळ पडलेले, तसंच अर्धवट जोडणीत गेलेले. ट्रान्समिशनमध्ये बसलेला ड्रम कार्डावरून कधीच उतरलेला असतो, पण तो अजून गाडीत गेलेला नसतो.
३. वाटेवरचे. रेल्वेच्या पावत्या घेऊन वॅगननिहाय.
४. पुरवठादाराकडे किंवा आपल्याच दुसऱ्या विभागात तयार पडलेले.
५. कच्चे. ओतलेले पण मशीन न झालेले, कापलेले पण न दाबलेले.

डावे-उजवे भाग असतील तर वेगळे मोजा आणि जोडी धरताना कमी असलेला आकडा घ्या. मडगार्डांत डावे ९०० आणि उजवे ७०० असतील तर तुमच्याकडे ७०० जोड्या आहेत. उरलेले २०० डावे हा साठा नाही, ती एक अडचण आहे.

चौथी आणि पाचवी जागा दूरध्वनीवर विचारू नका. विचारल्यावर पुरवठादार बहुतेकदा जास्तीचा आकडा देतो, कारण त्याला तो माल खपवायचा आहे. माणूस पाठवा, एका ठरावीक दिवशी कामाची पाळी सुटल्यावर मोजणी करा आणि तो दिवस सगळ्या ठिकाणी एकच ठेवा. सोमवारी स्टोअर आणि गुरुवारी फाउंड्री मोजली तर मधल्या तीन दिवसांत फाउंड्रीतून निघालेला माल एकदाही मोजला जात नाही, आणि क्रम उलटा असेल तर दोनदा मोजला जातो.

आता हिशेब करू. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. रोज १,००० इंजिनं, आठवड्याला सहा दिवस काम.

जुना ड्रम, इंजिनाला १. स्टोअर ७,०००, लाइन १,५००, वाटेवर ६,०००, तयार पडलेले ३,०००. तयार नग एकूण १७,५००, म्हणजे साडेसतरा दिवस. शिवाय कच्चे ओतीव ५,०००.

जुनं झाकण, इंजिनाला १. स्टोअर ५,०००, लाइन १,०००, वाटेवर ३,०००, तयार २,०००. एकूण ११,०००, अकरा दिवस. कच्चे काही नाहीत.

अरुंद पट्टा, इंजिनाला ३. सगळीकडचे मिळून ३९,०००, तेरा दिवस.

स्टोअरचंच कार्ड पाहणारा म्हणेल ड्रम सात दिवस पुरतील, झाकणं पाच. प्रत्यक्षात ड्रम त्याच्या अडीचपट आहेत. कामाचे दिवस मोजा, कॅलेंडरच्या तारखा नाहीत. फोर्डने १९२६ मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला. सहा दिवस धरून काढलेली तारीख तेव्हा पाच आठवड्यांत पाच दिवसांनी चुकली असती.

दिवस कोण ठरवतं?

झाकणं अकराव्या दिवशी संपतात म्हणून बदल अकराव्या दिवशी, असं म्हणायचा मोह होतो. आधी दुसऱ्या बाजूला पाहा. नव्या संचातला सर्वांत मंद भाग कोणता? समजा नव्या झाकणाची पहिली खेप पंधराव्या दिवशी येणार आणि तपासणी व चाचणी-जोडणीला तीन दिवस लागणार. म्हणजे अठरा दिवस जुनंच बनवावं लागेल. नव्याचा सर्वांत मंद भाग दिवस ठरवतो, जुन्याचा सर्वांत कमी साठा नाही. जुना कमी पडला तर तो आणखी बनवता येतो. नवा लवकर येत नाही.

अठरा दिवस पक्के धरले की जुन्या भागांच्या शेवटच्या ऑर्डरी सरळ निघतात.

झाकणं लागतील १८,०००, आहेत ११,०००. आणखी ७,००० हवीत. तपासणीत शंभरात दोन बाद होतात असा अनुभव असेल तर १४० वर घ्या, ५०० घेऊ नका.

ड्रम लागतील १८,०००, तयार आहेत १७,५००. कच्च्यांतले ५०० आणि बाद होणाऱ्यांपुरते थोडे जास्त मशीन करा. साधारण ४,५०० ओतीव उरतात, त्यांचं पुढे पाहू.

अरुंद पट्टे अठरा दिवसांत ५४,०००, आहेत ३९,०००. १५,००० आणखी. एकोणिसाव्या दिवसापासून रोजचे २,०००. इथे कोणी शेड्यूल बदलायला विसरला आणि आवक ३,०००च राहिली तर रोज १,००० पट्टे साचतात, चार आठवड्यांत २४,०००. आणि या साचण्याचा आवाज होत नाही. तुटवड्याने लाइन थांबते, आरडाओरडा होतो, वरचा माणूस धावत येतो. जास्तीचा माल मुकाट्याने मांडणीवर चढतो.

मोजणीनंतर तीन दिवसांनी पुन्हा मोजा. पहिल्या मोजणीचा खप आणि प्रत्यक्ष खप जुळत नसेल तर कुठेतरी एक जागा सुटली आहे. मी तरी ही दुसरी मोजणी पहिलीपेक्षा महत्त्वाची मानतो.

रोजचं उत्पादन स्थिर धरलंय, त्यावरही भरवसा ठेवू नका. नवा नमुना येणार हे बाहेर फुटलं की लोक जुनी गाडी घ्यायचे थांबतात. १९२४ च्या मे महिन्यात जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन डीलरांकडे फिरले तेव्हा न विकलेल्या गाड्यांचा ढीग त्यांना आवारांत उभा दिसला, आकड्यांत तो तोवर नीट दिसला नव्हता. त्यानंतर तिथे डीलरांकडून दर दहा दिवसांनी विक्रीचे आकडे मागवायची शिस्त बसली. बदलाच्या आधीच्या सहा आठवड्यांत विक्रीचा ताजा आकडा न पाहता शेवटची ऑर्डर सोडू नका. रोजची १,००० ची ८०० झाली तर अठरा दिवसांत ३,६०० जुनी इंजिनं कमी, म्हणजे झाकणांच्या ७,००० च्या ऑर्डरीपैकी निम्म्याहून जास्त वाया.

क्रमांकाचा नियम

नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना भाग नव्याच्या जागी, दोन्हीकडे बिनतक्रार चालत असेल तरच क्रमांक तोच ठेवा. एकाच दिशेने चालत असेल, म्हणजे नवा जुन्या गाडीला बसतो पण जुना नव्या गाडीला नाही, तरी क्रमांक बदला आणि कार्डावर दिशा लिहा. अशा एकतर्फी भागांत दुरुस्तीसाठी फक्त नवा ठेवला तरी चालतं, जुना दुरुस्तीसाठी वेगळा साठवावा लागत नाही.

फोर्डमध्ये आणखी एक गुंता होता. टीच्या भागांना कारखान्यातला एक क्रमांक आणि डीलरांच्या किंमत-यादीतला दुसरा. बदलाची नोंद एकीकडे झाली आणि दुसरीकडे राहिली तर डीलर योग्य क्रमांक लिहून चुकीचा ड्रम मागवतो आणि दोष कोणाचाच सापडत नाही. दोन याद्या असतील तिथे बदलाच्या कागदावर दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय सही करू नका. टीच्या जागी १९२७ मध्ये आलेल्या मॉडेल एमध्ये पद्धत सुधारली. मूळ क्रमांक कायम आणि पुढे अक्षरं, आणि सुरुवातीच्या नमुन्याचे जे भाग लवकरच बदलले त्यांना एआर अशी शेपटी. जुन्या गाड्या जुळवणारे लोक आजही ‘एआर चाक’, ‘एआर गाडी’ असंच बोलतात.

जुना-नवा दिसायला सारखा असेल तर रंगाचा ठिपका द्या, डबे वेगळ्या रांगेत ठेवा. १⅛ आणि १¾ इंचांचे ड्रम कोणीही ओळखेल. बुशचं (दांडा ज्यात फिरतो त्या नळीचं) भोक ०.००५ इंचाने बदललं असेल तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

नव्याची पहिली ऑर्डर लहान ठेवा

लहान ऑर्डर महाग पडते, पुरवठादार कुरकुरतो, तरीही. नव्या भागाची पहिली खेप ही चाचणी असते, नाव काहीही द्या.

जनरल मोटर्सच्या शेवरोले विभागाची तांब्याच्या पंखांनी थंड होणारी, बिनपाण्याची गाडी १९२३ मध्ये आली. ७५९ बनल्या, प्रत्यक्ष गिऱ्हाइकांच्या हातात शंभराच्या आसपास गेल्या आणि जूनमध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. कंपनी तरली, कारण नेहमीची पाण्याने थंड होणारी गाडी शेजारी चालूच होती आणि तिचे भाग कोणी बंद केले नव्हते. नवी कल्पना जितकी अनोळखी, तितका जुन्याचा मार्ग जास्त दिवस उघडा ठेवायचा.

मॉडेल एचं उलट झालं. २६ मे १९२७ ला दीड कोटीवी टी निघाली, टीचं उत्पादन आवरलं आणि ए लोकांसमोर आली ती २ डिसेंबरला. सुमारे ५,५८० भाग, जवळजवळ सगळे नवे. मधल्या सहा महिन्यांत विकायला गाडीच नाही. आणि आल्यानंतरही आराखडा पक्का झाला नव्हता. सुरुवातीच्या एमध्ये हातब्रेक आणि पायाचा ब्रेक एकाच जोडणीवर चालत. काही राज्यांच्या कायद्यांना ते मान्य नव्हतं, त्यांना दोन्ही स्वतंत्र हवे होते. मग १९२८ मध्ये हातब्रेकची वेगळी व्यवस्था आली, दांडा चालकाच्या डाव्या बाजूवरून मध्यावर गेला आणि त्यासोबत मागचे ड्रम, बॅकिंग प्लेट, दांडे, लीव्हर अशी रांगच बदलली. त्याच वर्षाच्या अखेरीस अनेक तबकड्यांचा क्लच जाऊन एका तबकडीचा आला. अशा वेळी ज्याने मागच्या ड्रमांची सहा महिन्यांची ऑर्डर एकदम दिली असेल त्याची झोप उडणारच. पहिल्या तीन महिन्यांत दोन-तीन आठवड्यांपुरतीच पक्की ऑर्डर द्या. पुढचा आकडा अंदाज म्हणून कळवा, म्हणजे पुरवठादार पोलाद जमवू शकेल, पण कापणार नाही.

शेवरोलेने पुढच्या खेपेला हेच काम दोन तुकड्यांत केलं. १९२८ च्या गाडीची चॅसी १०३ वरून १०७ इंच लांब झाली, इंजिन मात्र जुनंच चार सिलिंडरांचं. १९२९ च्या नमुन्याला सहा सिलिंडरांचं इंजिन आलं तेव्हा फ्रेम आणि चॅसीचे बरेचसे भाग वर्षभर आधीच बदलून, रुळून बसले होते. नव्या इंजिनाची लहान लाइन शेवरोलेचे प्रमुख विल्यम नुडसेन यांनी मिशिगनमधल्या सॅगिनॉला आधी चालवून पाहिली. फोर्डला जिथे अर्धं वर्ष लागलं तिथे शेवरोलेचं काम काही आठवड्यांत उरकलं. ऑर्डर सांभाळणाऱ्याच्या नजरेने यातलं खरं यश इंजिनाचं नाही. एका दिवशी बदलणाऱ्या भागांची संख्या त्यांनी बरीच कमी करून टाकली होती.

म्हणून आराखडा विभागाशी बोलायची संधी मिळाली तर हे एकच विचारा, ‘यातलं काय आधी बदलता येईल?’ जो नवा भाग जुन्या गाडीलाही चालतो तो दोन महिने आधी आणा. बदलाचा दिवस तेवढा हलका होतो.

बदलाचा दिवस

आदल्या दिवशी लाइनवरच्या पेट्या रिकाम्या करा. जुने नग वापरून संपवू असं म्हणून नव्या पेटीत टाकू देऊ नका. फोर्डमध्ये तुटवडा पडलेल्या भागामागे धावणारी खास माणसं असत. कामसू माणसं, पण त्यांना आकडा पुरा करायचा असतो, भाग कुठला ते पाहायचं नसतं. बदलाच्या आठवड्यात त्यांच्या हातात दोन रंगांच्या चिठ्ठ्या द्या, जुन्याला एक, नव्याला एक, आणि रंग न जुळणारा माल लाइनवर घ्यायचा नाही असं फोरमनलाच सांगा.

पहिल्या नव्या नगाची नोंद इंजिन क्रमांकाने ठेवा, तारखेने नाही. पण इथे एक खोच आहे. टीमध्ये इंजिनाचा क्रमांक हाच गाडीचा क्रमांक असे आणि इंजिनं एका जागी बनून देशभरच्या जोडणी-शाखांकडे रेल्वेने जात. अमुक क्रमांकाचं इंजिन अमुक दिवशी बनलं हे खरं, पण त्याची गाडी केव्हा आणि कुठे उभी राहिली ते त्यातून कळत नाही. एखाद्या शाखेत आधी आलेलं इंजिन कोपऱ्यात राहून नंतर वापरलं जाई. म्हणून इंजिनातल्या भागांची सीमा इंजिन क्रमांकाने लिहा आणि चॅसी-बॉडीच्या भागांची सीमा प्रत्येक शाखेची वेगळी, त्या शाखेच्या पहिल्या गाडीची. एकच सीमा सगळ्यांना लावली की पुढे दुरुस्तीला आलेल्या गाडीत पुस्तक सांगतं एक आणि निघतं दुसरं. आज जुनी टी उघडून ‘मिश्र’ भाग सापडले की लोक कोणीतरी मागाहून बदलले म्हणतात. पुष्कळदा ते कारखान्यातूनच तसे निघालेले असतात.

समुद्रापलीकडच्या जोडणीला तारीख चालत नाही

फोर्डची मुंबईतली कंपनी १९२६ ची, कॅनडाच्या फोर्डची उपकंपनी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जोडणी सुरू केली. अशा ठिकाणी माल पेट्यांतून, बोटीने येतो आणि वाटेवरचा साठा हा स्टोअरमधल्या साठ्याच्या कित्येक पट असतो. डेट्रॉइटमध्ये ठरलेला अठरावा दिवस तिथे निरर्थक आहे.

तिथे सीमा पेट्यांच्या खेपेने लिहा. एका खेपेतल्या सगळ्या गाड्या पूर्ण जुन्या किंवा पूर्ण नव्या, आणि प्रत्येक पेटीवर खेपेचा क्रमांक ठळक. जुन्या खेपेतला एखादा भाग फुटका निघाला तर बदली नग जुन्याच नमुन्याचा पाठवावा लागेल, म्हणून शेवटच्या जुन्या खेपेसोबत फुटतूट धरून थोडे जादा नग आधीच घाला. काच, दिव्यांच्या काचा, रेडिएटर यांत जरा सढळ हात ठेवा. मागाहून एक रेडिएटर पाठवायचा तर त्याला पुन्हा तोच सागरी प्रवास.

भारतासारख्या देशांसाठी स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे स्टिअरिंग, पेडलं आणि त्यांचे दांडे यांची मोजणी वेगळी. हे नग थोडे लागतात म्हणून पुरवठादार त्यांची बॅच शेवटी लावतो आणि नव्या संचातला सर्वांत मंद भाग बहुतेकदा यांच्यातच निघतो.

उरलेलं

साडेचार हजार कच्चे ड्रम अजून पडले आहेत. तीन वाटा. मशीन करून दुरुस्तीच्या साठ्यात, नव्या मापाला मशीन करता येतात का पाहणं, किंवा वितळवणं. अरुंद ओतीवातून रुंद ड्रम निघत नाही, त्यामुळे दुसरी वाट इथे बंद. उलटा प्रकार, रुंदाचा अरुंद, बऱ्याचदा जमतो, ते विसरू नका. दुरुस्तीचा खप पाहण्यासाठी मागच्या दोन वर्षांची डीलर-मागणी काढा. वर्षाला १,२०० जात असतील तर ४,५०० म्हणजे पावणेचार वर्षं. एवढे ठेवायला हरकत नाही, पण मशीन केलेले नाही, ओतीवच ठेवा आणि लागतील तसे करा. मशीन झालेला नग गंजतो आणि त्यात पैसा जास्त अडकतो.

पुरवठादाराशी हिशेब तीन भागांत करा. तयार माल पूर्ण किमतीला, अर्धवट माल झालेल्या कामापुरता आणि कच्चा माल दुसरीकडे वापरता येत नसेल तरच. त्यासाठी मोजणीच्या दिवशीचा, दोघांच्या सहीचा कागद लागतो. तो नसेल तर महिन्याभराने अर्धवट माल दुप्पट झालेला दिसतो.

साचे आणि डाय मोडीत काढायची घाई करू नका. प्रत्येकावर क्रमांक, शेवटचा चांगला नग तारेने बांधून, तेल लावून, वेगळ्या मांडणीवर. टी बंद झाली तेव्हा एक कोटीहून जास्त टी रस्त्यावर असल्याचं फोर्ड सांगत होता आणि त्या सगळ्यांना भाग लागणार होते. टीचं इंजिन बदली नग म्हणून पुढे चौदा वर्षं बनत राहिलं. शेवटचं निघालं ४ ऑगस्ट १९४१ ला.